आरतीतली दुसरी ओळ

फार पूर्वी, एका किल्ल्याच्या पायथ्याला एक गाव होते. गावाच्या वेशीत एका भल्या राजाने दगड रोवून त्यावर दोन ओळी कोरल्या होत्या: 'मर्जीवाचून कोणाला वेठीस धरू नये. धरल्यास गावाने वाट अडवावी.'

राजा गेला. लोकांचा त्याच्यावर फार जीव होता. त्यांनी दगडाला शेंदूर फासला, नारळ फोडले आणि त्या दोन ओळींची आरती केली. शेंदराचे थर चढत गेले, अक्षरे बुजली. आरती मात्र सर्वांना पाठ होती. पहिला नारळ खुद्द किल्लेदार फोडी आणि सर्वांत मोठ्याने म्हणे.

आरती आटोपली की त्याचे शिपाई वेशीतूनच माणसे वेठीला धरून नेत. वर तटाचे काम चालले होते. गेलेले सगळेच परतत नसत.

एकदा शिपायांनी टोपल्या विणणाऱ्या बुरडाला धरले. तो तापाने फणफणला होता. त्याची बायको दगडापाशी आडवी आली. ती गायली नाही, बोलली. "मर्जीवाचून कोणाला वेठीस धरू नये."

किल्लेदार हसला. "अगं, हे आम्हीपण रोज म्हणतो. टाळ्या वाजवून म्हणतो! तुझी चाल तेवढी चुकली."

लोकही हसले. ती त्यांच्याकडे वळली. "दुसरी ओळ तुमची आहे. म्हणा की!"

गावचा गुरव पुढे झाला. "बाई, आरतीतले शब्द असे भांडणात वापरू नयेत."

"मग कशात वापरायचे, गुरवबाबा?"

गुरवाने घंटा वाजवली. बुरूड वर गेला. पुढे तट ढासळला. खाली आले ते फक्त त्याचे मुंडासे.

पुढच्या खेपेला शिपायांनी गुरवाच्याच धाकट्या भावाला धरले. गुरवाने दगडाला मिठी मारली आणि रडत रडत आरती म्हणू लागला. शिपायांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि भावाला ओढू लागले.

तेवढ्यात बुरडीण आली. हातात नवऱ्याची बांबू सोलायची सुरी. लोकांना वाटले, आता रक्त सांडणार. तिने गुरवाला बाजूला सारले आणि शेंदूर खरवडायला घेतला. लाल खपल्या पडू लागल्या.

"अगं, देव भंगेल!" एक म्हातारी ओरडली.

"देव नाही, आत्याबाई. राजाने हत्यार दिले होते. आपण त्याला नुसते ओवाळत बसलो."

ओळी उघड्या पडल्या. सुरी तिथेच टाकून ती किल्ल्याच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

गुरव चाचरत म्हणाला, "माझ्या भावासाठी? मी तर त्या दिवशी..."

"कोणासाठी अडवावी, ते ओळीत लिहिलेले नाही, बाबा. उभे राहा."

तो उभा राहिला. मग म्हातारी आली. मग कुंभार, तेली, हळूहळू सगळे गाव. शिपायांचे कोरडे पाठीवर उडाले. तेल्याचा डोळा गेला. वाट कोणी सोडली नाही, आणि शेवटी शिपायांनी भावाचा हात सोडला.

पुढे जेव्हा जेव्हा वेठीची माणसे धरली गेली, तेव्हा तेव्हा गाव त्या वाटेत उभे राहिले. दर वेळी रांगेत बुरडिणीच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी असे. तिथे उभे राहायला कोणी धजावले नाही.

तात्पर्य: पूजेला बसवलेला हक्क कोणालाच वाचवत नाही; शेजाऱ्यासाठी वापरला, तरच तो आपल्या वेळी हाताशी येतो.