दगडू नावाड्याचं खरं नाव

नदीवर पूल नव्हता, पैलतीराला जायचं तर नावेशिवाय गत नव्हती, त्या फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. उतारवाडीत गोजरा नावाची भोयाची बाई राहायची. नवरा नाव चालवायचा. घरात खायला-प्यायला कमी नव्हतं, पण पाळणा हलायचा नि थांबायचा. लेकरं व्हायची ती गोरीगोमटी, आणि गोजरा त्यांना नावंही हौसेनं ठेवायची, राजस काय, मोहन काय! दारातून हाक मारली तर सगळ्या आळीला ऐकू जायची. एकही लेकरू रांगेपर्यंत जगलं नाही. गोड नाव कानावर पडलं की मरणाची पावलं तिकडं वळतात, असं म्हणतात.

पुन्हा दिवस गेले आणि मुलगा झाला. तेव्हा भागूआत्या, गावची म्हातारी सुईण, गोजराला म्हणाली, "बाई गं, ह्याला दगड म्हण. यमानं विचारलं आत कोण, तर सांगायचं, दगड हाय. दगड घेऊन तो काय करंल?"

"आत्या, पोटच्या पोराला दगड म्हणू?" गोजराच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"म्हण. तुझ्या मनातलं नाव असंल ते त्याच्या कानात एकदाच सांग आन् तोंड मीट. त्याला लेकरू होऊन त्या लेकराचं बारसं झालं, की मग खुशाल गावभर हाका मार. तवर चुकूनसुद्धा नाही."

गोजरानं लेकराच्या कानाशी तोंड नेलं नि हळूच म्हणाली, "अमृत." अमृत म्हणजे ज्याला मरण शिवत नाही असा. मग त्याला पाळण्यात घालून मोठ्यानं म्हणाली, "झोप रे दगड्या!"

झालं! नाव ठेवलं एकीनं नि नावं ठेवली साऱ्यांनी. दगडू मोठा झाला, बापामागं नाव चालवायला लागला, तर लोक चेष्टा करायचे, "ह्या दगडाच्या नावेत बसायचं तर कंबरेला भोपळे बांधूनच यावं!" दगडू हसून म्हणायचा, "बसा पाव्हणं, दगड आधी बुडंल, मग तुम्ही." गोजराला मात्र हसू यायचं नाही. तो जेवायला बसला की ते नाव तिच्या ओठाशी यायचं. ती पाण्याचा घोट घ्यायची नि ते गिळून टाकायची. लेकाला एकदा तरी त्याच्या नावानं हाक मारावी, एवढी एकच आस त्या माउलीला राहिली होती.

दगडूचं लग्न झालं, सून आली, तिला दिवस राहिले. आणि जेव्हा सुनेला कळा सुरू झाल्या, त्याच दिवशी नदी फुगली. पैलतीरच्या धनगरवाड्याला पाण्यानं वेढा घातला. दगडूनं आईच्या पायावर डोकं ठेवलं नि नाव पाण्यात लोटली. खेपेवर खेप मारली गड्यानं! मुळासकट झाडं वाहत येत होती, आणि नाव त्यांच्यातून निघून यायची. नदी त्याच्यापुरती वाट सोडायची, असं म्हणतात. ज्यांनी त्याची थट्टा केली, तेच आता काठावर नाचत ओरडत होते, "दगड तरला! आपला दगडू तरला!"

शेवटच्या खेपेला धनगराची एक म्हातारी तेवढी उरली होती, कडेवर शेळीचं करडू घेऊन. तिला घेऊन नाव मध्यावर आली आणि इकडं घरात बाळ रडलं. नातू झाला! गोजराला कसलं भान राहतंय? इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. लेकरू झालं की, एवढंच तिच्या ध्यानात होतं. बारशाचं राहिलं नाही, आणि आठवण करून द्यायला भागूआत्या काही जिवंत नव्हती. गोजरा धावत काठावर आली नि बेंबीच्या देठापासून ओरडली, "अमृताऽऽ! अरे माझ्या अमृता, बाप झालास रे!"

दगडूनं ते नाव जन्मात एकदाच ऐकलं होतं, तेही पाळण्यात. पण त्यानं ओळखलं. वल्हं मारायचं थांबवून तो वळला, आईकडं बघून हसला आणि म्हणाला, "ओ!" तेवढ्यात आडवा ओंडका आला आणि नाव उलटली. नदीनंही ते नाव ऐकलं होतं, असं म्हणतात.

म्हातारी करडासकट काठाला लागली. दगडू लागला नाही. पूर ओसरल्यावर उपडी नाव आपली आपण घाटाला आली. ती सरळ केली तर खाली तान्ह्या बाळाएवढा काळा गुळगुळीत दगड होता. गोजरानं तो पदरात घेतला नि घरी आणला. बारशाला नातवाआधी त्याला पाळण्यात घातलं, झोका दिला नि म्हणाली, "झोप रे दगडू." मग तिनं पदर तोंडाशी धरला, तो मरेपर्यंत. पुन्हा तिच्या तोंडून कुणाचंच नाव निघालं नाही.

त्यानंतर उतारवाडीत घरोघर दगडू झाले. थोरला दगडू, वरल्या आळीचा दगडू, बहिरा दगडू. शाळेत मास्तरांनी दगडू म्हटलं की अर्धा वर्ग उभा राहायचा! अमृत मात्र कुणी ठेवलं नाही, आजतागायत नाही. पुढं पूल झाला, दवाखाना आला, लेकरं जगायला लागली. पोरं शहरात गेली नि त्यांना नावाची लाज वाटू लागली. कुणी दगडूचा दिगंबर झाला, कुणी नुसता डी. के. होऊ द्या बापडे, जगले हेच पुष्कळ. शेवटचा दगडू म्हातारा होऊन वारला. आता पाळण्यात विवान नि रेयांश असतात.

पण बारसं असलं की तो काळा दगड अजून त्या घरी जातो. आधी त्याला झोका, मग बाळाला. नदीला पाणी चढलं असताना पुलावरून कुणी जाताना दिसलं, तर गावात त्याला नावानं हाक मारत नाहीत. "ए दगडू, जपून रे!" म्हणतात, आणि शहरातून आलेला साहेबसुद्धा निमूट "ओ" देतो. आणि बारशाला दुसऱ्या गावांत आत्या बाळाचं नाव सांगते, इथं आई सांगते. बाळाच्या कानाशी वाकते, नाव सांगते आणि लगेच पदर तोंडाशी धरते. पदर नसला तर ओढणी. ओढणी नसली तर नुसता हात.