दोन्ही बटणं मधोमध

एका तालुक्याच्या गावी मोरेश्वर पाटणे नावाचा एक कारागीर होता. जुने रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर तो दुरुस्त करी. हेडफोन लावून रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी त्याने स्वतःच्या हाताने एक अँप्लिफायर, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, बनवला होता, टेबलाच्या कोपऱ्यात मावेल एवढा; तसेच आणखी बनवून तो विकी. त्या डब्यावर त्याचा फार जीव.

दुकानात तो आपला डबा आणि एका कंपनीचा डबा शेजारीशेजारी ठेवी. गिऱ्हाईक आलं की दोन्हींची आवाजाची बटणं मधल्या ठिपक्यावर आणी. "बघून घ्या, दोन्ही मधोमध. मागाहून म्हणाल, पाटण्याने फसवलं." गिऱ्हाईक दोन्ही ऐके आणि पाटण्याचाच डबा नेई.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त एवढंच, की त्या ठिपक्यावर पाटण्याचा डबा बराच मोठ्याने वाजे. आणि मोठ्याने वाजतं ते कानाला आधी आवडतं. घरात दोन लेकरं असली तर आपण तरी आधी कोणाचं ऐकतो? मोरेश्वरला हे ठाऊक होतं. कोणी विचारत नव्हतं, म्हणून तो सांगत नव्हता. पुढे पुढे त्यालाही वाटू लागलं, आपलाच डबा चांगला.

एक दिवस ओगलेबाई आल्या. शाळेत त्यांनी त्याला गणित शिकवलं होतं. पिशवीतून त्यांनी एक रेकॉर्ड काढली.

"घरात तान्हं नातवंड आहे रे, मोठ्याने लावता येत नाही. आणि मला यातल्या आमच्या ह्यांना ऐकायचंय."

बाईंचे यजमान जन्मभर एका गायिकेच्या मागे तंबोरा घेऊन बसले. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचं नावसुद्धा नव्हतं. मात्र एक गाणं संपता संपता ते हलकेच "वा" म्हणाले होते, आणि तेवढं रेकॉर्डवर राहून गेलं होतं. ते जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचा दुसरा आवाज कुठेच नव्हता.

मोरेश्वरने बटणं मधोमध आणली. बाईंनी आधी त्याचा डबा ऐकला. "भरदार आहे हो. पण हे काही आले नाहीत." मग कंपनीचा ऐकला. "हा तर अगदीच मिणमिणता. यातही नाहीत."

त्यांनी हेडफोन काढून पदराने पुसला. "तुझाच दे बाबा. दोष माझ्या कानांचा. कान गेले, आता हेही गेले म्हणायचे."

मोरेश्वरने डबा उचलला, पण तो बाईंच्या हातात देववेना.

"बाई, जरा बसा परत."

त्याने स्वतः हेडफोन लावला आणि दोन्ही डबे सारखे वाजेपर्यंत कंपनीच्या डब्याचं बटण वर नेलं. तेव्हा त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं, की गाणं थांबलं तरी आपल्या डब्यात बारीक गुणगुण उरते, आणि हलका आवाज तिच्यात बुडून जातो. कंपनीच्या डब्यात तिथे शांतता होती.

बाई पुन्हा कंपनीच्या डब्यावर ऐकत बसल्या. गाणं संपत आलं. त्यांचा हात एकदम वर गेला, कोणाला तरी थांबवावं तसा.

"आले," त्या म्हणाल्या.

मोरेश्वर खाली बघत होता. "बाई, बटणं सारखी होती. आवाज सारखे नव्हते. मला माहीत होतं."

"आणि मी फुकट माझे कान म्हातारे करून चालले होते की रे गाढवा!" बाई म्हणाल्या. त्यांना आणखी रागवायचं होतं, पण आधी डोळे पुसायचे होते.

त्यांनी कंपनीचा डबा नेला. मोरेश्वरने आपला डबा उघडला आणि गुणगुण शोधायला बसला. ती सापडायला चार महिने लागले. तोवर येईल त्याला तो आधी दोन्ही आवाज सारखे करून देई, आणि लोक बहुधा कंपनीचाच डबा नेत.

तात्पर्य: दोघांत निवड करायची तर आधी दोघांचा आवाज सारखा करावा; आपल्या लाडक्याचा तर मुळातच जरा चढा असतो. आणि आपल्या लबाडीचा दोष समोरचा भोळेपणाने स्वतःकडे घेऊ लागला, तर तेव्हा तरी गप्प राहू नये.