येसाजी हाडवैद्याच्या वेण्या

उंबरदऱ्याला गाडीवाट नव्हती आणि पायवाटही धड नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. तिथं येसाजी नावाचा हाडवैद्य राहायचा. मोडल्या हाडाला तो कान लावायचा आणि हाडच त्याला सांगायचं, मी इथं सरकलंय. असं म्हणतात.

दहा गावांतून त्याला बोलावणं यायचं. पण कितीही लांब गेला तरी संध्याकाळचं जेवण बायको सारजा आणि चार मुलींसोबतच. त्याला उशीर झाला, तर सूर्य डोंगराच्या खांद्यावर टेकून थांबायचा, असं म्हणतात. आणि रोज सकाळी चारही मुलींच्या वेण्या तोच घालायचा.

"वैद्यबुवा, हे बायकी काम कशाला?" कोंडाजी पाटील हसायचा.

"बोटं मऊ राहतात, पाटील. तुमच्याच गुडघ्याच्या उपयोगी पडतात."

त्याच्या विद्येची एकच परीक्षा होती. घागर फोडून खापऱ्या पोत्यात भरायच्या आणि न बघता, नुसत्या बोटांनी ती आतल्या आत जुळवायची. थोरली गोदी सात वर्षांची असतानाच पोत्यात हात घालून बसली, तसा येसाजी तिला शिकवू लागला. पाटलानं म्हाताऱ्यांना गोळा केलं. पोरीला शिकवलं तर विद्या सासरी जाईल, म्हणून शिकवायचं नाही, असं ठरलं. येसाजी भिडस्त, त्यानं मान डोलावली. गोदीनं डोलावली नाही. ती पोतं घेऊन गोठ्यात बसू लागली आणि येसाजी गोठ्याकडे बघायचं टाळू लागला.

अशी दहा वर्षं गेली. एकदा एका धनगराचा पाय बसवून परतताना येसाजी कड्यावरून घसरला. जीव वाचला, पण दोन्ही मनगटं मोडली.

"घाटापलीकडचा वैद्य आणू," पाटील म्हणाला. त्याला यायला आठ दिवस लागणार. तोवर हाडं वाकडी जुळणार, आणि ते हात पुन्हा ना कुणाचं हाड बसवणार, ना वेणी घालणार.

गोदी पुढं झाली. "मी बसवते."

"पोरीच्या हाताला गुण नसतो."

"ते कुणी ठरवलं? तुमचा गुडघा आबांच्या ह्याच हातांनी बसवलाय, काका. आता आठ दिवस थांबायचं का, ते त्या गुडघ्यालाच विचारा."

पाटलानं रागानं अंगणातली घागर आपटली. "आधी ही जोड."

गोदीनं पोत्यात हात घातले. तिची नजर सारा वेळ आबांवर होती. खापऱ्या वाजल्या, मग गप्प झाल्या आणि पोत्यातून अख्खी घागर बाहेर आली. तिनं ती नदीवर भरली आणि पाटलाच्या डोक्यावर ठेवली. पाटील येसाजीच्या घरापर्यंत चालत आला. थेंब गळला नाही, असं म्हणतात.

मग तिनं आबांचे हात धरले. "वेणीसारखं बांध," येसाजी म्हणाला. "सैल नको, आवळूनही नको."

दीड महिन्यानं पट्ट्या सुटल्या. येसाजीनं आधी फणी मागितली आणि गोदीला पुढ्यात बसवलं. साऱ्या गावापुढं न डगमगलेली ती पोर तेव्हा मात्र रडली.

आजही उंबरदऱ्याच्या जत्रेत सकाळी बाप नदीकाठी बसून लेकींच्या वेण्या घालतात. मग मुली पोत्यात घागर जुळवतात आणि गावातला सर्वांत मानाचा म्हातारा ती भरून डोक्यावर नेतो. देवळाशी पोचेतो त्याचा सदरा ओलाचिंब असतो. घागर गळली, असं मात्र कुणी म्हणत नाही.