पिवळ्या कडा

ठेकेदार नानासाहेब शिर्क्यांनी गाडीला रुंद टायर बसवले आणि सकाळी थाटात त्यांची पूजा केली. भेटेल त्याला ऐकवायचे, "असली पकड जिल्ह्यात नाही!" टायर टणक दिसावेत म्हणून दुकानदार गफूरभाईंचं न ऐकता त्यांनी हवाही ठासून भरून घेतली होती.

दुपारी घाटातल्या पहिल्याच वळणावर स्वारी घसरून गटारात गेली.

गाडी गटारातून ओढून काढून नानासाहेब तणतणत गफूरभाईंच्या दुकानात आले. "भंगार गळ्यात मारलंस! आठ दिवसांत दुकान बंद पाडतो तुझं!" बघे जमले.

पूजेची हळद गाडीतच होती. ती कालवून गफूरभाईंनी टायरावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पट्टा ओढला. "साहेब, चौकापर्यंत जाऊन या."

गाडी परतली, तेव्हा पट्टा फक्त मधोमध पुसला होता. दोन्ही कडा पिवळ्याधमक.

"जास्त हवेनं टायर मध्येच फुगलाय, साहेब. रस्त्याला टेकतोय चार बोटं," गफूरभाई म्हणाले. "बाकीची रुंदी तुम्ही लोकांना दाखवायला घेतलीत. मग घसरल्याची तक्रारही लोकांकडेच करा. हे काय, सगळे उभेच आहेत."