काळ्या कुंडातला तबकमासा

एका राज्यात मणिध्वज नावाचा राजा होता आणि त्याच्या महालात स्फटिकाचे एक कुंड होते. तळाला काळी माती, काळे दगड आणि पाण्यात वेलींचे एवढे दाट रान, की आत भर दुपारीही सांज असे. राजाला त्या कुंडाचे भारी कौतुक. पण पुढे त्याच कुंडात संकट येऊन बसले.

झाले असे, की कृष्णदंत नावाच्या मांत्रिकाने राजकन्या कुमुदिनीला मागणी घातली. राजाने नकार दिला. तेव्हा मांत्रिकाने राजकन्येची जाग मुठीत धरली, तिचा मोती केला आणि तो कुंडाच्या तळाशी टाकला. राजकन्या बसल्या जागी निजली.

"राजा, मोती वर आणील तो तबकमासाच," मांत्रिक म्हणाला. "वाटेत त्याचे अंग काळवंडले, तर तो दगड होईल. तीन मासे सोड. तिसराही दगड झाला, तर तुझी लेकही दगड होईल. आणि वेलीचे एक पान जरी तोडलेस, तरी तिचा श्वास तुटेल."

एवढे बोलून तो धूर होऊन गेला.

तबकमासे म्हणजे तबकासारखे गोल, चपटे मासे. त्या राज्यात त्यांचे नाना रंग होते. राजापुढे कोणतीही वस्तू चांदीच्या परातीत मांडायची, अशी रीत होती. तेव्हा मासेही परातीतच आले. प्रधानाने दुधासारखा पांढरा मासा निवडला.

"महाराज, अंधारात हाच उठून दिसेल."

दिसला खरा! पण पहिल्या वेलीपाशीच त्याच्या अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके उठले आणि तळाशी पोचला तो दगड. मग सेनापतीने अक्कल लढवली आणि हळदीसारखा पिवळा मासा सोडला. त्याचीही तीच गत झाली. दोघेही मोठ्या हुद्द्याचे, पण पाण्यात डोकावून पाहण्याची तसदी एकानेही घेतली नाही.

आता एकच मासा उरला. राजाला अन्न गोड लागेना. राजकन्येला अंगावर पाजून वाढवलेली दाई रेवा मात्र उठली आणि रानातल्या नदीवर गेली. नदीचे पाणी काताच्या रंगाचे होते. काठच्या फांदीवर खंड्या पक्षी बसला होता.

"खंड्याबाबा, काळ्या पाण्यात रंग राखणारा मासा कोणता?"

"पांढरा, पिवळा मी इथूनच टिपतो, बाई. त्या मुळ्यांत एक राहतो, तो मला वरून कधी दिसला नाही. एकदा बुडी मारली तेव्हा दिसला, आणि चोच मारायचे विसरलो."

रेवाने पाण्यात तोंड घातले. मुळ्यांत मातकट रंगाचा एक तबकमासा होता. अंगावर निळ्या लाटांच्या रेघा, आणि त्या काळोखात विस्तवासारख्या पेटलेल्या. भोवती त्याची पिल्ले त्याच्याच अंगावरचा चीक चाटून पोट भरत होती. रेवाचा ऊर भरून आला. पिल्ले मोठी होऊन पांगेपर्यंत ती काठावर थांबली, मग ओंजळ पुढे केली. मासा आपण होऊन आला.

दरबारात प्रधान म्हणाला, "हा? परातीत तर चिखलाचा गोळा दिसतो."

"परातीत राहायचे नाही त्याला, प्रधानजी. अंगच काळपट आहे, त्याला कुंड आणखी काय काळे करणार?"

राजा म्हणाला, "रेवा, चूक झाली तर माझी पोर जाईल."

"माझीही जाईल, महाराज."

राजाने मान डोलावली. मासा पाण्यात उतरला. पहिली वेल, दुसरी वेल, तिसरी वेल. मातकट अंग काळोखात विरले आणि निळ्या रेघा तेवढ्या चालत राहिल्या. मग त्या रेघा वळल्या, वर येऊ लागल्या. माशाच्या तोंडात मोती होता.

मोती पाण्याबाहेर येताच फुटला. दोन्ही दगडांचे पुन्हा मासे झाले आणि दूर कुठे तरी कृष्णदंताची विद्या त्याच्या जिभेवरून पुसली गेली. राजकन्येने डोळे उघडले, जांभई दिली.

"रेवा, किती निजले ग मी! भूक लागलीय."

राजा रडला, हसला, आणि स्वतः धावत मुदपाकखान्यात गेला. त्या दिवशी राजाच्या हातचा करपलेला भात सगळ्या महालाने पोटभर खाल्ला. त्यांना मिळाला तसा सुटकेचा घास तुम्हां आम्हांलाही मिळो.