येसू सुतारणीचं पातं

फार वर्षं झाली या गोष्टीला. शेवरबंदरात तेव्हा मचवे बांधले जात, आणि मोठा मचवा बांधायच्या आधी येसू सुतारीण त्याची हातभर लांबीची नक्कल करायची. तेच लाकूड, तशाच फळ्या, तशीच डोलकाठी. नक्कल नीट तरंगली तरच मोठं काम सुरू व्हायचं. मग ती नक्कल येसूच्या घरी फळीवर राहायची. नक्कल आणि पाण्यातला मचवा यांचा जीव एकच असायचा, असं म्हणतात.

एका कार्तिकात राघो तांडेल आपला मचवा घेऊन समुद्रात गेला. त्याच्या खलाशांत येसूचा एकुलता मुलगा धाकलूही होता. दुपारी आभाळ काळवंडलं, वारा फिरला. येसू जेवायला बसली होती. फळीवरची राघोच्या मचव्याची नक्कल अचानक एका कुशीवर कलली. तिने सरळ केली, ती पुन्हा कलली. डोलकाठी मोडून बाजूला लोंबत होती आणि दोऱ्यांनी सगळ्या मचव्याला खाली ओढत होती.

वादळ पाहून राघोची बायको द्वारकी नक्कल बघायला धावत आली, तिच्यामागे सगळी वाडी. काठी तोडली नाही तर मचवा पालथा होणार हे कुणाला सांगावं लागलं नाही. येसूने हाताला लागली ती करवत उचलली. पहिल्याच ओढीला दाता अडकला आणि मचव्याच्या कुशीला केसाएवढी चीर गेली. चिरेतून पाणी झिरपलं. ते खारट होतं, असं म्हणतात.

येसूने करवत ठेवली आणि भुशातून त्याच लाकडाचे उरलेले तुकडे वेचू लागली. माणसं बुडतायत आणि ही तुकडे कसले गोळा करते, असं लोक म्हणू लागले. तिने एका तुकड्यावर पटाशी ठोकून पाहिली. तुकडा दुभंगला. जाड सुरीने लाकूड कापण्याऐवजी चेपलं. मचवा आणखी कलला.

"येसूवयनी, काहीही घे, पण काप," द्वारकी म्हणाली.

"काहीही घेतलं म्हणूनच चीर गेली," येसू म्हणाली. "माझा धाकलू पण त्यातच आहे, द्वारके."

शेवटी तिने झिजून पातळ झालेला जुना वस्तरा तुकड्यावर फिरवला. काप गुळगुळीत आला. मग तिने आधी दोऱ्या एकेक करून कापल्या. काठीवर मात्र जोर दिला नाही, जोराने पातं तुटलं असतं. हलक्या हाताने ती एकाच खाचेत वस्तरा गोल गोल फिरवत राहिली. घरात कुणी हालत नव्हतं. काठी गळून पडली आणि मचवा हळूहळू सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी मचवा वल्ह्यांवर परत आला. सगळे जिवंत होते. राघो म्हणाला, आमचे कोयते चालेनात, आणि दोऱ्या आपोआप तुटल्या, काठी उसासारखी कापली गेली. कुशीला एक फट पडली होती. धाकलू रात्रभर तिला पाठ लावून बसला होता. येसूने त्याची सोललेली पाठ पाहिली आणि तिला तेल लावलं.

शेवरबंदरात आजही नक्कल कापण्याआधी प्रत्येक पातं त्याच लाकडाच्या तुकड्यावर चालवतात. ज्यांची माणसं त्या मचव्यावर जायची असतात त्या बायका कापावरून बोट फिरवतात. बोट अडलं तर पातं बदलायचं. तोवर किनाऱ्यावर कुणी घाई करत नाही. आणि कुणी केलीच, तर म्हातारी माणसं एवढंच म्हणतात, "येसूला विचार."