काचेवरचा हार

आमच्या तालुक्याच्या गावात वाघचौरे नावाचे हवालदार होते. कोर्टात त्यांच्या शब्दाला मोठा मान. "वाघचौरे म्हणतात ना, मग तसंच घडलं असणार," असं न्यायाधीशसुद्धा म्हणायचे. हवालदारांनाही त्याचा भारी अभिमान होता, आणि का नसावा? आयुष्यात त्यांनी एकदाही खोटी साक्ष दिली नव्हती.

दसऱ्याला पोलिसांच्या जीपची पूजा झाली. पुढच्या काचेवर झेंडूचा भरगच्च हार चढला. दुसऱ्या दिवशी हवालदार फाट्यावर जीपमध्ये बसले होते. तेवढ्यात समोरून येणारा एक टेम्पो एकदम उलट्या बाजूला घुसला. हवालदारांनी उतरून त्याला अडवलं.

"साहेब, म्हातारी आडवी आली. तिला वाचवायला वळवला," टेम्पोवाला भागवत पिसाळ काकुळतीला येऊन म्हणाला.

हवालदारांनी पाहिलं, तर रस्ता मोकळा. "मला शिकवतोस? या डोळ्यांनी बघितलंय. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं!" आणि त्यांनी खटला भरला.

भागवतचं घर त्या टेम्पोवर चालत होतं. लायसन्स गेलं की घरची चूल बंद. कोर्टात त्याने हात जोडले. "जीपमध्ये कॅमेरा असतो म्हणतात. तो तरी बघा."

न्यायाधीश म्हणाले, "वाघचौरे, काय करायचं?"

हवालदार रागाने लाल झाले. "उद्या आणतो, साहेब. याचीही खात्री होऊ दे."

ठाण्यात येऊन त्यांनी चित्रण लावलं. कॅमेरा हाराच्या खाली बसवलेला होता. वर झेंडूची फुलं हलत होती. खाली सरपणाचा भारा घेतलेली एक म्हातारी टेम्पोसमोर आली, टेम्पो वळला, आणि ती घाबरून शेजारच्या उसात शिरली. रस्त्याची नेमकी तीच कड हाराने हवालदारांपासून झाकली होती. त्यांनी चित्रण पुन्हा एकदा लावून पाहिलं.

शेजारचा शिपाई हळूच म्हणाला, "कॅमेरा बंद होता म्हणा. एवढ्या वर्षांची इभ्रत आहे तुमची."

"त्या इभ्रतीसाठीच तर दाखवायचं," हवालदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भरल्या कोर्टात त्यांनी चित्रण दाखवलं. मग ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, मी खोटं बोललो नाही. पण बोललो ते खरं नव्हतं. माझा शब्द मागे घेतो."

भागवत सुटला. बाहेर येऊन तो पाया पडायला वाकला, तसं हवालदारांनी त्याला वरच्या वर धरलं. "पाया कसला पडतोस? चूक माझी होती."

असा हवालदार आमच्या तालुक्याचा, हे सांगताना अजून छाती फुगते. पुढच्या दसऱ्याला जीपला हार चढला तो बॉनेटवर. हवालदारांनी स्वतःच्या हाताने बांधला.

तात्पर्य: प्रामाणिक माणसाचे डोळेही चुकतात; पण पुरावा समोर येताच जो आपला शब्द मागे घेतो, त्याच्याच शब्दाला खरा मान.